पोटरीतली गाठ आणि रक्तातलं लोखंड

डोंबिवलीच्या आमच्या सोसायटीतल्या काकांची डावी पोटरी पुन्हा सुजली. दोन वर्षांपूर्वी त्याच पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली होती. डॉप्लर सोनोग्राफीत गुठळी दिसली, पण ती जुनी की नवी? डॉक्टर म्हणाले, "नक्की सांगता येत नाही." तेव्हापासून मी या विषयाच्या मागेच लागलोय!

गंमत बघा. गुठळी ताजी असताना तिच्यातल्या हिमोग्लोबिनचं मेथहिमोग्लोबिन होतं, म्हणजे त्यातल्या लोहाचं रूप बदलतं. हे लोह एमआरआयला बरोबर सापडतं. ठरावीक पद्धतीने स्कॅन केला की काळसर पायात नवी गुठळी पांढरीशुभ्र उजळते. ना इंजेक्शन, ना क्ष-किरण. साधारण सहा महिन्यांत ही चमक विझते, म्हणून जुना व्रण उजळत नाही. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'थिया' अभ्यासात 305 रुग्णांवर हे तपासलं गेलं आणि पद्धत भरवशाची ठरली.

ओटीपोटातल्या शिरांपर्यंत सोनोग्राफी नीट पोहोचत नाही. गरोदरपणात तर गुठळी अनेकदा याच शिरांत होते, तीही बहुतेकदा डाव्याच बाजूला. तिथेही एमआरआय कामी येतो.

पण म्हणून थेट एमआरआय सेंटर गाठू नका. पहिली तपासणी डॉप्लरचीच. ती स्वस्त आहे आणि ठाणे-कल्याणात सहज होते. एकच पाय अचानक सुजला, दुखला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. सोबत दम लागला किंवा छातीत दुखलं, तर सरळ 108 ला फोन करा.