इनटेक मॅनिफोल्ड गॅस्केटची गळती : निदान आणि दुरुस्ती

सारांश : पेट्रोल मोटारीच्या इनटेक मॅनिफोल्डचे गॅस्केट निकामी झाल्यास हवेची, कूलंटची अथवा दोहोंची गळती होते. या गळतीची लक्षणे अन्य अनेक बिघाडांसारखीच दिसत असल्यामुळे निदान होण्याआधीच सुटे भाग बदलले जातात. जनरल मोटर्सच्या ३.१ व ३.४ लिटर व्ही-६ इंजिनांच्या आधारे या गळतीचे स्वरूप, निदानाचा क्रम आणि दुरुस्तीतील दक्षता यांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजसंज्ञा : इनटेक मॅनिफोल्ड, गॅस्केट, निर्वात, कूलंट, निदान.

१. प्रस्तावना

इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरला हवा पोहोचविणाऱ्या नळ्यांचा संच म्हणजे इनटेक मॅनिफोल्ड. हा संच सिलिंडर हेडला बोल्टांनी जोडलेला असतो. या जोडातील फट बंद करणारी पातळ पट्टी म्हणजे गॅस्केट. गॅरेजच्या बोलीत तिला ‘पॅकिंग’ असेही म्हणतात. दुरुस्तीच्या एकूण खर्चात या पट्टीची किंमत अल्प असते, परंतु तिच्यापर्यंत पोहोचण्यासाठी इंजिनाचा वरचा बराचसा भाग उतरवावा लागतो. त्यामुळे निदान चुकल्यास मजुरी वाया जाते आणि मूळ दोष तसाच राहतो. कूलंट तेलात उतरत असेल, तर या विलंबाची किंमत संपूर्ण इंजिन असू शकते.

२. गळतीचे दोन प्रकार

पहिला प्रकार हवेच्या गळतीचा होय. इंजिन आयडलिंगवर असताना थ्रॉटल जवळजवळ बंद असतो. पिस्टन मात्र हवा ओढतच राहतात. परिणामी मॅनिफोल्डमध्ये अंशतः निर्वात निर्माण होतो. समुद्रसपाटीवर निरोगी इंजिनात तो सामान्यतः पाऱ्याचे १७ ते २१ इंच (सुमारे ५८ ते ७१ किलोपास्कल) असतो. गॅस्केटला फट पडल्यास येथे काही बाहेर सांडत नाही. उलट बाहेरची हवा आत ओढली जाते. ही हवा मापक संवेदकातून गेलेली नसल्याने संगणकाला तिची नोंद नसते. पेट्रोलच्या एका भागास हवेचे सुमारे १४.७ भाग हे वजनी प्रमाण बिघडते आणि मिश्रण विरळ होते.

इंजिन थरथरणे, मिसिंग होणे, आयडलिंगचा वेग वरखाली होणे आणि बॉनेटखाली फुसफुस ऐकू येणे ही त्याची लक्षणे होत. ॲक्सिलरेटर दाबल्यावर मोजलेली हवा वाढते व निर्वात घटतो. त्यामुळे गळतीचा वाटा नगण्य होतो. म्हणूनच सिग्नलला थरथरणारी गाडी रस्त्यावर सुरळीत धावते आणि मालक दुखणे अंगावर काढतो. मिसिंग दीर्घकाळ चालू राहिल्यास न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो अतितप्त होतो व निकामी होऊ शकतो.

दुसरा प्रकार कूलंटच्या गळतीचा होय. काही इंजिनांत कूलंटचे मार्गही मॅनिफोल्डमधून जातात. अशा ठिकाणी तेच गॅस्केट हवा व कूलंट या दोहोंना अडविते. ते फुटल्यास कूलंट इंजिनाबाहेर झिरपतो किंवा आतल्या तेलात मिसळतो. कूलंटमिश्रित तेलाची वंगणशक्ती घटून बेअरिंग झिजतात.

३. एक बोधप्रद उदाहरण

१९९० च्या दशकात व २००० नंतरच्या काही वर्षांत अमेरिकी बाजारातील अनेक मोटारींत जनरल मोटर्सची ३.१ व ३.४ लिटरची व्ही-६ इंजिने बसविलेली होती. त्यांच्या खालच्या मॅनिफोल्डचे मूळ गॅस्केट नायलॉनच्या चौकटीवर सिलिकॉनची कड लावलेले होते. इंजिनाचा लोखंडी ब्लॉक आणि ॲल्युमिनियमचे हेड व मॅनिफोल्ड तापमानानुसार कमीअधिक प्रसरण पावतात. उष्णता, कूलंट आणि ही सततची हालचाल यांमुळे चौकट ठिसूळ होई, सिलिकॉन सुटे आणि दोन्ही टोकांच्या कूलंटमार्गांपाशी गळती सुरू होई. याविषयी उत्तर अमेरिकेत ग्राहकांनी सामूहिक दावे दाखल केले व पुढे ते तडजोडीने मिटले. दुरुस्तीसाठी धातूच्या चौकटीचे सुधारित गॅस्केट नंतर उपलब्ध झाले. जुन्याच रचनेचे गॅस्केट पुन्हा बसविणे म्हणजे तोच बिघाड पुढे ढकलणे होय.

४. निदानाचा क्रम

संगणकाने दिलेला दोषसंकेत हा निष्कर्ष नसून केवळ सूचना असते. पी-०१७१ हा संकेत मिश्रण विरळ असल्याचे सांगतो. कारण सांगत नाही. कमजोर इंधनपंप, मळलेला हवामापक संवेदक, फुटलेली रबरी नळी किंवा गॅस्केट यांपैकी काहीही कारण असू शकते. म्हणून प्रत्येक चाचणीने एखादी शक्यता बाद झाली पाहिजे.

अ) स्कॅनरवर इंधनदुरुस्तीची टक्केवारी पाहावी. ती आयडलिंगवर अधिक १० टक्क्यांहून बरीच जास्त असून सुमारे २५०० फेऱ्यांवर शून्याकडे झुकत असेल, तर हवेची गळती संभवते. भार वाढताच ती वाढत असेल, तर दोष इंधनपुरवठ्यात किंवा हवामापक संवेदकात शोधावा.

आ) व्हॅक्यूम गेजवरील वाचन कमी असल्यास गळतीच्या तर्काला दुजोरा मिळतो. मात्र दर ३०० मीटर उंचीमागे हे वाचन सुमारे एक इंचाने घटते. पुण्यासारख्या सुमारे ५६० मीटर उंचीवरील शहरात दोन इंचांची घट नैसर्गिक समजावी.

इ) ब्रेक बूस्टर व पी.सी.व्ही. यांच्या नळ्या एकेक करून दाबून पाहाव्यात. नळी दाबताच इंजिन सुधारले, तर दोष त्या मार्गावर आहे. गॅस्केट निर्दोष असू शकते.

ई) इंजिन बंद ठेवून मॅनिफोल्डमध्ये अल्प दाबाने धूर सोडल्यास तो फटीतून बाहेर येतो. ही चाचणी सर्वांत सुरक्षित व नेमकी आहे. जोडावर कार्बोरेटर क्लीनर फवारून इंजिनाच्या आवाजातील बदल ऐकण्याची पद्धत प्रचलित असली, तरी तप्त एक्झॉस्टजवळ ज्वलनशील द्रव फवारल्यास आग लागू शकते.

उ) कूलंटची पातळी घटत असल्यास थंड इंजिनात प्रेशर टेस्टरने झाकणावर नोंदलेल्या मर्यादेपर्यंत दाब द्यावा आणि तो टिकतो का हे पाहावे. डिपस्टिकवरील तेल दुधाळ दिसल्यास इंजिन चालवू नये. तथापि केवळ झाकणाखालील पांढरट थर छोट्या प्रवासांत साचलेल्या बाष्पामुळेही येतो. कूलंटमध्ये ज्वलनवायू आढळल्यास संशय हेड गॅस्केटकडे वळवावा.

५. दुरुस्तीतील दक्षता

इंजिन पूर्ण थंड झाल्यावर बॅटरी सोडवावी, इंधनमार्गातील दाब उतरवावा व कूलंट काढून घ्यावा. वायरी व नळ्यांना खुणा कराव्यात. वरील व्ही-६ इंजिनांत व्हॉल्व्ह हलविणारे पुशरॉड गॅस्केटमधून जातात. म्हणून तेही काढावे लागतात. इनटेकचे पुशरॉड सुमारे १४६ मिलिमीटर, तर एक्झॉस्टचे सुमारे १५२ मिलिमीटर लांब असतात. त्यांची अदलाबदल झाल्यास इंजिनाची हानी होते. यासाठी ते क्रमवार खोचून ठेवावेत.

जुने अवशेष प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडावेत. फिरत्या घासणाऱ्या चकतीचा वापर टाळावा. तिचे कण तेलात मिसळून बेअरिंग खराब करतात आणि मऊ ॲल्युमिनियमवर खळगे पडतात. उघड्या मार्गांत स्वच्छ कापड कोंबावे व आठवणीने काढावे. पृष्ठभाग सपाट आहे की नाही, हे सरळ पट्टी व फीलर गेजने तपासावे. वाकलेल्या मॅनिफोल्डवर नवे गॅस्केट टिकत नाही.

सीलंट सर्वत्र न लावता निर्मात्याने सांगितलेल्या जागीच, म्हणजे येथे ब्लॉकच्या दोन्ही टोकांच्या कडांवर व कोपऱ्यांत, लावावा. बोल्ट टॉर्क पान्यानेच, मॅन्युअलमधील क्रमाने व टप्प्याटप्प्याने आवळावेत. या इंजिनांत आधी उभे व नंतर तिरपे बोल्ट आवळले जातात. क्रम उलटल्यास मॅनिफोल्ड नीट बसत नाही. शेवटी तेल व फिल्टर बदलावे, कूलंट भरून त्यातील हवा काढावी. तेलात कूलंट मिसळलेला असल्यास इंजिन थोडा वेळ चालवून तेल पुन्हा बदलणे इष्ट ठरते.

६. समारोप

इंजिन सुरू झाले एवढ्यावरून दुरुस्ती पूर्ण झाली असे मानता येत नाही. इंधनदुरुस्तीची टक्केवारी शून्याजवळ आली, व्हॅक्यूम गेजचा काटा स्थिरावला आणि काही दिवसांनंतरही कूलंटची पातळी कायम राहिली, तरच निदान बरोबर ठरले असे म्हणता येईल. ज्या चाचण्यांनी दोष दाखविला, त्याच चाचण्यांनी तो नाहीसा झाल्याचे दाखविले पाहिजे. कारागिराने दुरुस्तीपूर्वीची व नंतरची वाचने बिलावर नोंदवून मालकास दिल्यास गॅस्केट खरोखरच दोषी होते काय, हे मालकालाही स्वतः पडताळून पाहता येईल.