मशीनचं पोट किती? सात किलोचा खरा हिशेब

हातातलं काम चालू ठेवा, फक्त कान इकडे असू द्या. आज बोलायचंय कपडे धुण्याच्या मशीनबद्दल. कोणतं मशीन चांगलं, हा आजचा विषय नाही. एका वेळी त्यात कपडे घालायचे किती, एवढंच सांगायचंय. तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गोष्टीचा काय कार्यक्रम करायचा? पण याच एवढ्याशा गोष्टीवरून आमच्या बचत गटात दोन महिने अबोला होता.

झालं असं. गटाच्या बचतीतून आम्ही 7 किलोचं, दोन टबांचं सेमी ऑटोमॅटिक मशीन घेतलं. समाजमंदिरामागच्या खोलीत ठेवलं. एका खेपेला 30 रुपये, असा दर ठरला. सहा-सात महिने छान चाललं. मग आले नवरात्राचे दिवस. घट बसायच्या आधी घरातली चिंधी न् चिंधी धुवायची, हे काही आपल्याला सांगायला नको. खोलीबाहेर रांग लागली. कुणी चादरी आणल्या, कुणी सतरंज्या, कुणी गोधड्या. दाबून दाबून टब भरले. तिसऱ्या दिवशी मशीन नुसतं घूं घूं करायला लागलं, रबर जळल्याचा वास आला आणि काम थांबलं.

कारागिराने मागची बाजू उघडली. पट्टा जळला होता आणि चकती फिरवणारा गिअरबॉक्सही गेला होता. खर्च आला 1,800 रुपये. म्हणजे 60 खेपांची कमाई पाण्यात. त्याहून वाईट म्हणजे भांडण. “तुझ्या गोधडीने मोडलं”, “नाही, तुझ्या सतरंजीने”. शेवटी गटातल्या थोरल्या काकू म्हणाल्या, “अगं, मशीनवर 7 किलो लिहिलंय. आपल्यापैकी एकीने तरी कधी कपडे वजन केलेत का?” सगळ्या गप्प. कुणीच केले नव्हते.

तिथून आम्ही शिकायला सुरुवात केली. जे शिकलो ते सांगतो.

पहिली गोष्ट, हे 7 किलो म्हणजे कसले? ते कोरड्या कपड्यांचं वजन असतं, तेही सुती कपड्यांचं. ओल्या कपड्यांचं नाही, आणि पाणी धरूनही नाही. शिवाय ती शेवटची मर्यादा आहे. बैलगाडीत किती पोती मावतात आणि बैलाला किती ओढवतात, यात फरक असतो ना? तसंच हे.

दुसरी गोष्ट, मशीन कपडा धुतं कसं? आपण दगडावर आपटतो, ब्रशने घासतो. मशीनला हात नाहीत. सेमी ऑटोमॅटिकमध्ये तळाची चकती फिरते, पाणी घुसळलं जातं, कपडे खाली-वर होतात आणि एकमेकांवर घासून मळ सुटतो. समोरून दार असलेल्या मशीनमध्ये ड्रम कपडे वर उचलतो आणि खाली आपटतो. दोन्हीकडे कपड्याला हलायला जागा लागते. टब गच्च भरला की कपडे जागचे हलत नाहीत, मधल्या कपड्यांपर्यंत साबणाचं पाणी नीट पोहोचत नाही. मग कॉलर काळी ती काळीच, आणि काळ्या परकरावर पावडरीचे पांढरे डाग. ते कपडे पुन्हा धुवावे लागतात. एक खेप वाचवायला गेलो आणि पाणी, वीज, पावडर दुप्पट गेली. पाणी डोक्यावरून आणणाऱ्या बाईला हा हिशेब वेगळा समजावायला नको.

आता वजन कसं काढायचं? आम्ही हुकाचा ताणकाटा आणला आणि खोलीच्या दाराला टांगला. कपड्यांची पिशवी अडकवायची, आकडा वाचायचा. पंधरा दिवसांत सगळ्यांना अंदाज आला. तुम्हीही वही-पेन घ्या.

साधी सुती पाचवारी साडी सुमारे अर्धा किलो. नऊवारी लुगडं पाऊण ते एक किलो. सदरा किंवा कुर्ता 200 ते 300 ग्रॅम. शाळेच्या गणवेशाचा जोड साधारण 400 ते 500 ग्रॅम. जीनची पँट 600 ते 800 ग्रॅम. अंगाचा जाड टॉवेल अर्ध्या किलोच्या आसपास. मोठ्या पलंगाची चादर पाऊण ते एक किलो. कापड जाड-पातळ असेल तसा थोडा फरक पडणार.

आता एका घरचं धुणं धरू. आजीचं लुगडं, आपली एक साडी, मुलांचे दोन गणवेश, मालकांचा शर्ट-पँट, दोन टॉवेल, एक चादर, वर परकर, झंपर, बनियन असे किरकोळ. हे झालं साधारण साडेपाच किलो. 7 किलोच्या मशीनला एवढं पुरे. यात आणखी दोन चादरी कोंबल्या की झालीच गर्दी.

पण सगळे कपडे सुती नसतात. नायलॉन, पॉलिस्टरच्या साड्या हलक्या, पण जागा जास्त व्यापतात आणि चुरगळतात. त्या निम्मा टब भरतील एवढ्याच घालायच्या. स्वेटर, शाल असे लोकरीचे कपडे फार तर तिसरा हिस्सा. आणि लांब साड्या एकत्र घातल्या तर त्यांची वेणी होते. एक-दोन साड्या, बाकी लहान कपडे, असा मेळ घालावा. साडी सैल घडी करून जाळीच्या पिशवीत घातली तर गुंतत नाही.

ज्यांच्याकडे काटा नाही त्यांनी काय करायचं? सुती कपडे न दाबता, सैल सोडत टब पाऊण भरला की थांबायचं. समोरून दार असलेल्या मशीनमध्ये कपड्यांच्या वर हाताचा पंजा उभा जाईल एवढी जागा ठेवायची. सेमी ऑटोमॅटिकसाठी आमची एक युक्ती आहे. एखादा ठळक रंगाचा, रंग न जाणारा रुमाल वर टाकायचा आणि मशीन सुरू करायचं. रुमाल खाली गेला आणि एक-दोन मिनिटांत पुन्हा वर दिसला, तर कपडे बरोबर आहेत. तो जागचा हललाच नाही, तर बटण बंद करून दोन-चार कपडे काढायचे.

इथे एक चूक पुष्कळ जणींची होते. धुण्याचा टब 7 किलोचा असला तरी शेजारच्या ड्रायरचं पोट लहान असतं. 7 किलोच्या मशीनचा ड्रायर पुष्कळदा 5 किलोच्या आसपासच असतो. म्हणून एका खेपेचे कपडे ड्रायरमध्ये दोनदा फिरवावेत. ते चारी बाजूंनी सारखे पसरायचे आणि वरची प्लास्टिकची जाळी दाबून बसवायची. एकटी ओली चादर एका बाजूला पडली तरी मशीन धडधड नाचायला लागतं. म्हणजे कमी कपडेही नीट बसवावे लागतात. आणि ड्रायर पूर्ण थांबल्याशिवाय हात आत घालायचा नाही. पोरांना तर जवळही येऊ द्यायचं नाही.

गोधडीचं काय? घरच्या गोधडीत जुन्या साड्यांचे कितीतरी थर असतात. ती कोरडीच दोन-तीन किलो भरते आणि भिजली की दोघींना उचलत नाही. ती मशीनमध्ये हलणार कशी आणि ड्रायर ती फिरवणार कसा? गोधडी पायाने तुडवूनच धुवायची, दोघींनी दोन टोकं धरून पिळायची. आमच्या खोलीच्या दारावर आता मोठ्या अक्षरांत लिहिलंय, गोधडी आणि सतरंजी बंद.

तिथेच दुसरी ओळ आहे, फवारणीचे कपडे बंद. औषध फवारून आलेल्या माणसाचे कपडे लेकरांच्या कपड्यांत कधीच मिसळायचे नाहीत. हातमोजे घालून, वेगळ्या बादलीत धुवायचे, दोन-तीनदा खळबळायचे आणि कडक उन्हात वाळवायचे. घरच्या मशीनमध्ये धुवायचेच असतील तर ते एकटेच, थोडे थोडे, भरपूर पाण्यात. त्यानंतर नुसतं साबणाचं पाणी घालून मशीन एकदा रिकामं फिरवायचं.

शेवटचं, विजेचं. आपल्याकडे संध्याकाळी व्होल्टेज उतरतं. अशा वेळी भरलेलं मशीन सुरूच होत नाही, नुसतं घुमतं आणि मोटर तापते. ते लगेच बंद करा आणि व्होल्टेज आल्यावर चालू करा. अर्थिंग आहे का, ते जाणकाराकडून एकदा तपासून घ्या. ओल्या फरशीवर, ओल्या हाताने प्लगला हात लावू नका.

गेल्या नवरात्रात आमचं मशीन एकदाही बंद पडलं नाही. रांग लांब होती, पण काटा दारात होता. काट्यावर जास्त भरलं की दोन कपडे पिशवीतून बाहेर. त्यावरून वाद नाही की रुसवा नाही. दुरुस्तीचे 1,800 रुपये केव्हाच भरून निघाले. बोलणं टाकलेल्या दोघी त्या आठवड्यात एकाच दगडावर उभ्या राहून एकीची गोधडी तुडवत होत्या. आता तुमच्या गटात मशीन असेल तर उद्याच एक खेप वजन करून बघा, आणि किती भरली ते आम्हाला कळवा.