अध्यक्षीय उमेदवारांची परिषद-आश्वासने : स्वरूप व मूल्यमापन

प्रस्तावना :
अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीत करकपात, नवा कायदा, एखाद्या योजनेचा विस्तार अशी आश्वासने नेहमी दिली जातात. यांखेरीज आणखी एक प्रकार आढळतो. निवडून आल्यास अमुक प्रश्नावर सर्व संबंधितांची परिषद बोलावू, असे उमेदवार जाहीर करतो. प्रस्तुत लेखात या आश्वासनाचे स्वरूप आणि त्याच्या मूल्यमापनाचे निकष स्पष्ट केले आहेत.

आश्वासनाचे स्वरूप :
अमेरिकन राज्यघटनेनुसार कायदे करण्याचा व खर्चास मंजुरी देण्याचा अधिकार काँग्रेसकडे आहे. त्यामुळे उमेदवाराची बहुतेक आश्वासने दुसऱ्या संस्थेच्या संमतीवर अवलंबून असतात. परिषद बोलावण्यास मात्र अशा संमतीची गरज नसते. शिवाय परस्परविरोधी हितसंबंध असलेल्या दोन्ही गटांना हे आश्वासन एकाच वेळी देता येते, कारण त्यात निर्णय नसून निर्णयाची प्रक्रिया असते. या सोयीतच त्याचा धोकाही आहे : परिषद भरली म्हणजे प्रश्न सुटला, असा समज निर्माण होऊ शकतो.

पोर्टलंड परिषद, १९९३ :
वायव्य अमेरिकेतील प्राचीन अरण्यांत राहणाऱ्या ठिपकेदार घुबडाची नोंद १९९० मध्ये संकटग्रस्त प्रजातींत झाली. पुढील वर्षी संघीय न्यायालयाने त्याच्या अधिवासातील सरकारी लाकूडविक्री रोखली. लाकूड कामगार व पर्यावरणवादी यांच्यातील संघर्ष तीव्र झाला. १९९२ च्या प्रचारात बिल क्लिंटन यांनी या प्रश्नावर परिषद घेण्याचे आश्वासन दिले आणि २ एप्रिल १९९३ रोजी ती पोर्टलंड येथे भरली. परिषद एकच दिवस चालली. परंतु तिच्यानंतर शास्त्रज्ञांच्या गटाला पर्याय मांडण्यासाठी ६० दिवसांची मुदत देण्यात आली. त्यातून १९९४ मध्ये सुमारे २ कोटी ४० लाख एकर संघीय भूमीसाठी वायव्य वनयोजना स्वीकारली गेली व त्याच वर्षी न्यायालयाने ती वैध ठरविली. अपेक्षित लाकूड उत्पादन मात्र प्रत्यक्षात गाठले गेले नाही. लाकडावर जगणाऱ्या गावांचे समाधान झाले नाही आणि पर्यावरणवाद्यांचेही पूर्ण समाधान झाले नाही. तथापि, न्यायालयीन कोंडी फुटली.

हवामान व लोकशाही परिषदा, २०२१ :
२०२० च्या निवडणुकीत जो बायडेन यांनी दोन परिषदांचे आश्वासन दिले होते. पहिली, हवामानविषयक परिषद, पदग्रहणानंतर १०० दिवसांच्या आत, २२ व २३ एप्रिल २०२१ रोजी दूरदृश्य प्रणालीद्वारे झाली. ४० राष्ट्रप्रमुखांना तिचे निमंत्रण होते व भारताचे पंतप्रधान नरेंद्र मोदी तीत सहभागी झाले. २००५ च्या तुलनेत २०३० पर्यंत उत्सर्जन ५० ते ५२ टक्क्यांनी घटविण्याचे लक्ष्य अमेरिकेने त्या वेळी जाहीर केले. हे लक्ष्य अध्यक्षांच्या अधिकारात घोषित झाले होते. जानेवारी २०२५ मध्ये पुढील अध्यक्षांनी पॅरिस करारातून माघार घेण्याचा आदेश काढताच त्यामागील कार्यकारी बळ संपले.

दुसरी, लोकशाही परिषद, डिसेंबर २०२१ मध्ये झाली. तेथे कोणत्या देशांना निमंत्रण द्यावे, हाच वादाचा विषय ठरला. सहभागी देशांनी स्वेच्छेने संकल्प जाहीर केले. त्यांच्या पूर्ततेची सक्ती कोणावरही नव्हती. २०२३ व २०२४ मध्ये परिषदेच्या पुढील बैठका झाल्या.

निष्कर्ष :
तिन्ही परिषदा भरल्या. म्हणजे शब्दशः पाहता तिन्ही आश्वासने पाळली गेली. फलश्रुती मात्र भिन्न आहे. पोर्टलंडमध्ये निर्णयाची मुदत, तो घेणारी यंत्रणा आणि तो तपासणारे न्यायालय या तिन्ही बाबी निश्चित होत्या. २०२१ च्या परिषदांमागे असे बंधन नव्हते. म्हणून अशा आश्वासनाविषयी चार प्रश्न विचारणे आवश्यक ठरते : निमंत्रण कोणाला? निर्णय कोणत्या प्रश्नावर? मुदत किती? आणि अंमलबजावणीचे कायदेशीर दायित्व कोणाचे? यांची उत्तरे प्रचारकाळातच मागितली गेली, तर मतदाराला परिषदेची तारीख आणि धोरणाची हमी यांतील फरक मतदानापूर्वीच ओळखता येईल.