टर्बोला थंड हवेची नळी: नगरच्या धुळीत ती परवडते का?

गाडीच्या पोटात – लेखांक ७

हवा दाबणारा टर्बोचार्जर आणि ती दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर मागच्या दोन लेखांकांत पाहून झाले. आता ओघानेच येणारा प्रश्न घेऊ. बाजारात मिळणारं ‘कोल्ड एअर इंटेक’ टर्बो गाडीला बसवण्यात अर्थ आहे का? नेक्सॉन, व्हेन्यू, फ्रॉन्क्स, टायगुन अशा लहान टर्बो पेट्रोल गाड्या आता तालुक्याच्या गावीही दारोदार दिसतात आणि त्या घेणारी पोरं हा प्रश्न हमखास विचारतात. माझं मत आधीच सांगतो. कंपनीच्या ट्यूनवर चालणाऱ्या आणि आपल्या जिल्ह्यात रोज वापरायच्या गाडीला ते बसवू नये. नुसतं ‘नको’ म्हणून कुणाचं समाधान होत नाही, व्हायलाही नको. म्हणून हिशोब मांडतो.

कंपनीच्या गाडीत हवा सहसा जाळीच्या मागून किंवा फेंडरच्या बाजूने एका प्लॅस्टिकच्या नळीतून आत येते, बंद डब्यातल्या कागदी फिल्टरमधून गाळली जाते आणि मग टर्बोकडे जाते. बाहेरच्या किटमध्ये डबा काढून टाकतात. त्याच्या जागी जाड गुळगुळीत पाइप आणि त्याच्या टोकाला शंकूसारखा फिल्टर येतो. हा फिल्टर बहुतेक वेळा तेल लावलेल्या सुती जाळीचा असतो. दावा दोन गोष्टींचा असतो: हवा थंड मिळते आणि अडथळ्याविना मिळते.

ही कल्पना आली बिनटर्बोच्या इंजिनांतून, आणि तिथे ती खरी आहे. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत फिल्टरचा गोल डबा इंजिनाच्या डोक्यावरच बसलेला असे आणि बॉनेटखालची तापलेली हवा ओढत असे. हवा तापली की विरळ होते. आपल्याकडच्या उन्हाळी तापमानाला ढोबळ हिशोब असा की तीन अंश वाढले की एक टक्का हवा कमी. पंधरा अंश थंड हवा दिली तर अशा इंजिनाला पाचेक टक्क्यांचा फायदा कागदावर तरी दिसतो.

टर्बो गाडीत मात्र मध्ये दोन गोष्टी येतात. सायकलला हवा भरताना पंपाचं बूड तापतं, तसं टर्बोत हवा दाबली की ती तापतेच. मे महिन्यातली नगरची दुपार घ्या, बाहेर ४० अंश. टर्बोने दाब दुप्पट केला आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर बाहेर पडणारी हवा १३८ अंशांच्या आसपास असते. आता समजा, टर्बोला ४० ऐवजी बॉनेटखालची ५५ अंशांची हवा मिळाली. बाहेर पडताना ती साधारण १५८ अंशांवर जाईल. फरक वीस अंशांचा, म्हणजे सुरुवातीपेक्षा वाढलेला. पण पुढे इंटरकूलर आहे. तो वाढीव उष्णतेतली ७० टक्के काढून टाकतो असं धरलं, तर इंजिनात शिरणारी हवा पहिल्या वेळी ६९ अंश आणि दुसऱ्या वेळी ७५ अंश. पंधरा अंशांचा फरक सहा अंशांवर आला आणि हवेच्या घनतेत पावणेदोन टक्के उरले. शिवाय हा हिशोब मी किटच्या बाजूने झुकवून केला आहे. कंपनीची नळी मुळात बाहेरचीच हवा घेते, त्यामुळे चालत्या गाडीत पंधरा अंश वाचवायला शिल्लकच नसतात. उलट डबा काढून उघडा शंकू बॉनेटखाली बसवला, तर थंड हवेच्या नावाखाली आपण गरम हवा विकत घेतलेली असते.

अडथळ्याचं गणितही पाहू. नगर शहर समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटर उंचीवर आहे, त्यामुळे इथे हवेचा दाब साधारण ९४ किलोपास्कल असतो. पूर्ण थ्रॉटलला कंपनीच्या फिल्टरमुळे ३ किलोपास्कल दाब घटतो आणि बाहेरच्या किटमुळे फक्त १, असं मानू. टर्बोला तेवढाच बूस्ट गाठायला किटसोबत थोडं कमी राबावं लागेल आणि दाबलेली हवा साडेतीन अंशांनी थंड निघेल. इंटरकूलरनंतर त्यातला एक अंश उरतो. अर्ध्या टक्क्याचाही फरक नाही.

बरं, एवढा तरी फायदा चाकांपर्यंत पोचतो का? बहुतेकदा नाही. आजच्या टर्बो इंजिनाचा ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, आधी ठरवतो की या क्षणी किती टॉर्क द्यायचा, आणि मग तेवढाच बूस्ट मिळेल अशा बेताने वेस्टगेट (टर्बोचा जोर आवरणारी झडप) उघडतो किंवा मिटतो. समुद्रसपाटीवरून घाट चढून नगरला आलं तरी टर्बो गाडीचा दम कमी झाल्यासारखा वाटत नाही, त्याचं कारण हेच. हवा विरळ झाली की ईसीयू टर्बोला थोडं जास्त राबवतो. हवा सहज मिळाली की तो टर्बोला थोडं कमी राबवतो. उरलेली मोकळीक ताकदीत बदलायची तर ईसीयूचं लक्ष्यच बदलावं लागतं, म्हणजे रिमॅप. किट विकणाऱ्यांचे वाढलेल्या अश्वशक्तीचे आलेख पाहताना डायनोवर (ताकद मोजण्याच्या यंत्रावर) बॉनेट उघडं होतं का आणि समोर मोठा पंखा होता का, हे जरूर विचारा. बॉनेट उघडं असेल तर उघड्या फिल्टरलाही थंडच हवा मिळते. रस्त्यावर तसं नसतं.

ही झाली फायद्याची बाजू. तोट्याची बाजू आपल्या जिल्ह्यात जास्त जड आहे, आणि तिचं नाव धूळ.

एक लिटर पेट्रोल जाळायला इंजिनाला उन्हाळ्यात सुमारे दहा हजार लिटर हवा लागते. नगरहून पुण्याला जाताना आठ लिटर पेट्रोल जळलं, तर ऐंशी हजार लिटरहून जास्त हवा त्या फिल्टरमधून गेलेली असते. ती हवा कशी असते हे इथल्या माणसाला सांगायला नको. जिल्ह्याचा बराचसा भाग पर्जन्यछायेत आहे. गाळप हंगामात राहुरी, श्रीरामपूर, कोपरगाव, नेवासा या पट्ट्यात उसाच्या ट्रॉल्यांमागे पाचट आणि फुफाटा उडत असतो. नेप्तीला किंवा घोडेगावला कांदा बाजाराच्या दिवशी उभ्या पिकअपवर बोट फिरवलं तर रेघ उमटते. या धुळीत सिलिका असते आणि ती लोखंडापेक्षाही कठीण असते. लहान टर्बोचं कॉम्प्रेसरचं चाक ॲल्युमिनियमचं असतं आणि ते मिनिटाला दीड-दोन लाख फेऱ्यांपर्यंत जातं. त्या वेगाला बारीक रेती पात्यांच्या कडा झिजवते. पुढे पिस्टनच्या रिंगा आणि सिलेंडरच्या भिंती आहेतच. ही झीज पहिल्या वर्षी दिसत नाही. नंतर गाडी ऑइल खायला लागते तेव्हा कळतं आणि तोवर किट कुणाच्या लक्षातही राहिलेलं नसतं.

फिल्टर मोजण्याची आयएसओ ५०११ ही चाचणी आहे. तिच्यात ठरावीक प्रतीची धूळ सोडून किती अडली आणि किती पार गेली ते पाहतात. अडथळा कमी आणि गाळणी बारीक या दोन गोष्टी एकाच आकाराच्या फिल्टरमध्ये सहसा एकत्र मिळत नाहीत. समजा, एक फिल्टर ९९ टक्के धूळ अडवतो आणि दुसरा ९७. ऐकायला फरक दोनच टक्क्यांचा आहे. पण शंभर ग्रॅम धुळीतली पहिल्यातून एक ग्रॅम आत गेली आणि दुसऱ्यातून तीन. इंजिनाला अडलेल्या धुळीशी कर्तव्य नाही. आत गेलेली तिप्पट झाली, हे त्याच्या लेखी खरं.

या बाबतीत आपल्या गावाइतकी चांगली शाळा दुसरीकडे क्वचित असेल. नगरला आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल आहे, मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचं केंद्र आहे आणि डीआरडीओची व्हीआरडीई ही वाहन संशोधन संस्था आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२६ मध्ये वाहनांना मान्यता देणाऱ्या ज्या थोड्या चाचणी संस्थांची नावं आहेत, त्यांत पुण्याच्या एआरएआयसोबत व्हीआरडीईही आहे. रणगाडा संग्रहालयात पोरांना जरूर घेऊन जा, मात्र तोफेबरोबर इंजिनाच्या श्वासाचाही विचार करायला लावा. टी-७२ रणगाड्याला ७८० अश्वशक्तीचं बारा सिलेंडरचं सुपरचार्ज केलेलं डिझेल इंजिन आहे. त्याची हवा आधी सायक्लोनच्या नळ्यांत गरगर फिरवली जाते, तिथे जड धूळ बाहेर फेकली जाते आणि एक्झॉस्टच्या झोताने ओढून काढली जाते. मग उरलेली हवा जाळीच्या कॅसेटांतून जाते. रणगाडा बनवणाऱ्यांनाही ताकद हवीच असते. तरी वाळवंटात जाणाऱ्या यंत्राच्या नाकावर एवढं लटांबर त्यांनी मुद्दाम ठेवलं.

दुसऱ्या महायुद्धातलं स्पिटफायरचं उदाहरण तर आपल्या प्रश्नाला थेट लागू पडतं. उत्तर आफ्रिकेत आणि माल्टात गेलेल्या मार्क फाइव्ह स्पिटफायरना नाकाखाली व्होक्स कंपनीचा मोठा फुगीर फिल्टर बसवलेला होता. मर्लिन इंजिन सुपरचार्जरचं, म्हणजे हवा दाबून घेणारंच. त्या फिल्टरमुळे वेग घटला आणि चढाईही मंदावली. वैमानिकांना वेग म्हणजे जीव, तरीही फिल्टर काढून टाकला गेला नाही, कारण वाळू खाल्लेलं इंजिन फार दिवस टिकत नसे. पुढे अलेक्झांड्रियाजवळच्या अबूकीरच्या दुरुस्ती तळावर जास्त आटोपशीर फिल्टर तयार झाला. मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो. त्या कारागिरांनी अडथळा कमी केला, पण गाळणी सोडली नाही.

आपल्या शेतकऱ्यालाही हे नवं नाही. जुन्या ट्रॅक्टरच्या ऑइल बाथ एअर क्लीनरमधलं तेल वेळेवर बदललं नाही तर इंजिन बसतं, हे त्याला ठाऊक असतं. कारच्या बाबतीत मात्र तोच माणूस फिल्टर काढून कॉम्प्रेसरने जोरात हवा मारून परत बसवतो. कागदी फिल्टरवर धुळीचा पातळ थर बसला की तो उलट बारीक गाळतो. जवळून मारलेल्या जोरदार हवेने कागदाला डोळ्यांना न दिसणारी भोकं पडतात. फिल्टरच्या किमतीपुढे टर्बोची किंमत पाहा आणि धुळीच्या रस्त्यांवर गाडी फिरत असेल तर कंपनीने दिलेल्या किलोमीटरच्या आधीच नवा फिल्टर टाका.

तेल लावलेल्या सुती फिल्टरची आणखी एक अडचण आहे. धुऊन पुन्हा तेल लावताना ते जास्त झालं की उडून एमएएफ (आत जाणारी हवा मोजणाऱ्या) सेन्सरच्या तारेवर बसतं आणि सेन्सर हवा चुकीची मोजतो. एमएएफ नव्या पाइपात बसवला आणि पाइपाचा व्यास बदलला तरी मोजमाप चुकतं. ज्या गाड्यांत एमएएफ नसून फक्त एमएपी (हवेचा दाब मोजणारा) सेन्सर असतो, त्यांना हा त्रास नाही.

अकोले तालुक्यातल्या वाचकांसाठी वेगळी सूचना. थंड हवेसाठी काही किटचं तोंड बंपरच्या मागे खाली नेतात. भंडारदऱ्याच्या पावसात ओढ्याच्या पाण्यातून गाडी काढताना ते तोंड पाण्यात गेलं तर पाणी सिलेंडरमध्ये शिरतं. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो. कंपनीने नळीचं तोंड वर ठेवलं आहे ते याचसाठी.

कायद्याचंही पाहा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आरसीवरच्या तपशिलाशी विसंगत फेरफाराला मनाई करतं आणि २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ए नुसार बेकायदा फेरफार केल्यास मालकाला प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. इंटेकची नळी आरसीवर नोंदलेली नसते, त्यामुळे ती यात बसते की नाही यावर वाद होऊ शकेल. वॉरंटीच्या दाव्यात मात्र टर्बो गेल्यावर पहिलं बोट त्या नळीकडेच जाईल.

मग लोकांना फरक जाणवतो तो कसला? आवाजाचा. बंद डबा गेला की टर्बोची शिट्टी आणि पाय काढल्यावरचा फुसकारा केबिनमध्ये ऐकू येतो. तो आवाज सुंदर असतो, हे मी मनापासून कबूल करतो. त्यासाठी कुणाला पैसे घालायचे असतील तर ती त्याची आवड आहे. फक्त तो आवाज अश्वशक्तीचा नाही, हे समजून घालावेत.

इंटेक खरोखर कामाला येतं अशी जागाही आहे. मोठा टर्बो, वाढवलेला बूस्ट, मोठा इंटरकूलर आणि त्यानुसार रिमॅप केलेली गाडी कोइंबतूरच्या कारी मोटर स्पीडवेसारख्या ट्रॅकवर पळवायची असेल, तर कंपनीचा डबा खरंच कमी पडू शकतो. तिथे धूळ कमी, धावण्याचा वेळ थोडा आणि इंजिन वरचेवर उघडलं जातं. तिथेही बंद डब्याचं आणि कोरड्या फिल्टरचं किट घ्या.

आणि आपल्या गाडीचा डबा अडतो की नाही, हे तपासायला गवंड्याची लेव्हलची पारदर्शक नळी पुरते. फिल्टरनंतरच्या आणि टर्बोच्या आधीच्या पाइपाला गॅरेजमध्ये एक टोक घट्ट जोडून घ्यायचं, नळीचा लांब झोल खाली सोडून त्यात रंगीत पाणी भरायचं, आणि दुसरं टोक मोकळं ठेवायचं. पाणी इंजिनाकडे ओढलं जाऊ नये म्हणून नळीची इंजिनाकडची बाजू मीटरभर तरी उंच हवी. मोकळ्या रस्त्यावर पूर्ण थ्रॉटल द्यायचा आणि शेजारी बसलेल्याने दोन्ही बाजूंच्या पातळीतला फरक पाहायचा. दहा सेंटिमीटर म्हणजे साधारण एक किलोपास्कल. आधी जुना फिल्टर ठेवून मोजा, मग कंपनीचाच नवा टाकून. दोन्हींतला फरक मोठा निघाला तर तुमच्या गाडीला हवं होतं ते काउंटरवरच्या नव्या कागदी फिल्टरमध्येच मिळालं. त्याबरोबर टर्बोच्या नळ्यांचे क्लॅम्प घट्ट करून घ्या आणि इंटरकूलरच्या पात्यांत अडकलेलं पाचट आणि किडे हलक्या पाण्याने धुऊन काढा. इंटरकूलरची कार्यक्षमता ७० टक्क्यांवरून ६० वर घसरली तर वरच्याच हिशोबाने हवा जवळजवळ दहा अंशांनी जास्त गरम जाते, म्हणजे किटच्या बाजूने झुकवलेल्या हिशोबातही जे सहा अंश वाचतात, त्याहून जास्त.

पुढच्या लेखांकात रिमॅप: ईसीयूचं लक्ष्य बदलल्यावर क्लच, गिअरबॉक्स आणि पेट्रोलच्या ऑक्टेनवर काय भार येतो.