किशोरवयातील लठ्ठपणा: वजनाबरोबर मनाकडेही लक्ष द्या

मुलाचे वजन वाढले की पालक मधुमेह आणि रक्तदाबाबद्दल विचारतात. पण तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला त्याआधी वेगळाच त्रास सुरू झालेला असतो. तो म्हणजे वर्गातले चिडवणे, एकटेपणा आणि स्वतःच्या शरीराची लाज.

वजन जास्त आहे हे कसे ठरवतात?

फक्त किलो पाहून नाही. वय, उंची आणि वजन यांवरून बीएमआय तक्त्यावर पाहतात. आपल्याकडे बालरोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेचे २०१५ चे तक्ते वापरतात. ते तयार करण्यात पुण्याचे डॉ. वामन खाडिलकर यांचा सहभाग होता.

मनावर आणि मैत्रीवर होणारे परिणाम

• ‘जाड्या’, ‘ढोली’ अशा हाकांमुळे आत्मविश्वास कमी होतो. मूल खेळ, गॅदरिंग, फोटो टाळू लागते.
• उदासी आली की खाणे वाढते, हालचाल आणि झोप कमी होते. त्याने वजन वाढते आणि उदासीही वाढते.
• मानेवरचा काळेपणा हा मळ नसतो. बहुतेक वेळा तो शरीरात इन्शुलिन नीट काम करत नसल्याची खूण असतो. घासून तो जात नाही, उलट मूल अधिक खजील होते.
• मुलींमध्ये पीसीओएसमुळे पाळी अनियमित होणे, मुरुमे, चेहऱ्यावर केस येणे असा त्रास होऊ शकतो. मुलांना छाती मोठी दिसते म्हणून पोहायला जायची लाज वाटते.

घरी काय करावे?

• टोमणे आणि भावंडांशी तुलना बंद करा. ‘काळजीपोटी बोलतो’ असे आपण म्हणतो, पण अशा बोलण्याने वजन उतरत नाही. मूल लपून खाऊ लागते.
• त्याच्यासाठी वेगळे ‘डाएट’ नको. घरातल्या सगळ्यांचेच जेवण सुधारा. कोल्ड्रिंक, बेकरीचे पदार्थ, चिप्स घरात कमी आणा.
• रोज ६० मिनिटे हालचाल हवी. सायकल, नाच, सकाळी टेकडी, जे आवडेल ते चालेल. शक्यतो तुम्हीही सोबत जा.
• ८ ते १० तास झोप हवी. क्लासच्या वेळा ठरवताना याचा विचार करा.
• उपाशी ठेवणे, वजन घटवण्याच्या पावडरी आणि गोळ्या टाळा. वाढीच्या वयात वजन स्थिर राहून उंची वाढली तरी बीएमआय कमी होतो.
• शाळेत चिडवत असतील तर मुलाला विश्वासात घेऊन वर्गशिक्षकांशी बोला.

डॉक्टरांना केव्हा भेटावे?

दोन आठवड्यांहून अधिक उदासी किंवा चिडचिड, शाळेत जायला नकार, लपून खूप खाणे किंवा खाऊन मुद्दाम उलटी करणे, ही लक्षणे दिसल्यास थांबू नका. ‘जगावेसे वाटत नाही’ असे मूल म्हणाले किंवा स्वतःला इजा करत असेल, तर त्याला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. ‘टेली-मानस’ची १४४१६ ही मोफत सरकारी हेल्पलाइन २४ तास सुरू असते.

वजन उतरायला महिने लागतात. घरातले बोलणे मात्र आजपासून बदलता येते.