एका छपराखालचे वैर

संकठा देवीच्या मंदिरामुळे नाव मिळालेला वाराणसीचा संकठा घाट शिंदे घाट व भोसले घाट यांच्या दरम्यान आहे. काशीचा कोतवाल मानल्या जाणाऱ्या कालभैरवाचे वाहन कुत्रा; त्यामुळे या नगरीत कुत्र्याला घासभर अन्न घालणारे पुष्कळ. तथापि मोकाट कुत्री सरसकट गुण्यागोविंदाने नांदत नाहीत. प्रत्येक टोळीची हद्द ठरलेली असते. परका कुत्रा तीत शिरला की गुरगुरणे, केस पिंजारणे, दात विचकणे सुरू होते. पण बहुधा रक्त सांडण्यापूर्वीच दुबळा कुत्रा शेपूट घालून निघून जातो. अंतर राखण्याची सोय असते, म्हणून शांतता टिकते.

हीच सोय घरात नसते. घाटामागच्या अरुंद गल्लीतील घर असो वा पुण्यातील दोन खोल्यांची सदनिका, हरलेल्या कुत्र्याला पळायला वाट नसते. म्हणून जे अंतर रस्त्यावर आपोआप मिळते, ते घरात माणसाने निर्माण करावे लागते.

पिलू असताना एकत्र खेळलेली कुत्री एक ते तीन वर्षांच्या वयात, प्रौढ होताना, एकमेकांवर उठतात, तेव्हा घरची माणसे चकित होतात. अमेरिकेत २०११ साली प्रसिद्ध झालेल्या, अशा ३८ जोड्यांच्या अभ्यासात बहुतेक भांडणे एकाच लिंगाच्या कुत्र्यांमध्ये आढळली. धन्याचे लक्ष, अन्न, सापडलेली वस्तू आणि दाराशी होणारी धांदल ही नेहमीची निमित्ते होत.

‘त्यांचे त्यांना ठरवू द्या’ हा सल्ला घातक आहे. कळपात एकच दांडगा नायक असतो, ही समजूत रुडॉल्फ शेंकेल यांनी बंदिस्त लांडग्यांवर केलेल्या, १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांतून रुजली. रानातील लांडग्यांचा कळप बहुधा आईबाप व पिले यांचे कुटुंब असते, असे पुढे दिसून आले. मारहाणीने तर भय वाढते आणि गुरगुरण्याची पूर्वसूचना नाहीशी होते.

प्रथम पशुवैद्याकडून तपासणी करावी. सांधेदुखी वा कानदुखीमुळेही कुत्रा चिडका होतो. जेवण निरनिराळ्या खोल्यांत, दार लावून द्यावे आणि भांडी उचलल्यावरच दार उघडावे. हाडे, खेळणी जमिनीवर ठेवू नयेत. घरी कोणी नसताना कुत्री वेगळी कोंडावीत. मुसके खाऊच्या आमिषाने, हळूहळू सवयीचे करावे. फिरवताना दोन माणसांनी दोन कुत्री दूर अंतरावरून समांतर न्यावीत. दोन्ही स्वस्थ राहिली तरच काही दिवसांनी अंतर कमी करावे.

भांडण जुंपल्यास मध्ये हात घालू नये. पाणी ओतावे, फळी वा जाड चादर आडवी धरावी. माणसाला चावा बसल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे; रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर उपाय जवळजवळ उरत नाही.

काही जोड्यांचे वैर कधीच मिटत नाही. त्यांना आयुष्यभर आळीपाळीने मोकळे सोडणे किंवा एकासाठी दुसरे चांगले घर शोधणे, यात निष्ठुरता नाही. प्रेम दोघांवर सारखे असले, तरी दोघांमधील दार लावण्याचे काम प्रेम करीत नाही. ते माणसालाच, दररोज, न विसरता करावे लागते.