वारा पडला तर विजेचं काय?

मैत्रिणींनो, साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या आहेत. पावसाळ्यात त्या जोरात फिरतात. पण वारा निम्मा झाला की वीज निम्मी होत नाही, जेमतेम आठवा हिस्सा उरतो! मग आपल्या गिरणीचं, पाण्याच्या मोटारीचं काय? नुसता सरासरी वारा बघून भागत नाही. ऐन संध्याकाळी पडला, तर सरासरी काय कामाची? म्हणून अभियंते वाऱ्याच्या तासातासाच्या जुन्या नोंदी घेतात. त्यांवरून संगणकावर हजारो वर्षं भातुकलीसारखी चालवून बघतात आणि वीज किती तास कमी पडली, ते मोजतात. आम्हाला ही रीत पटते. तेवढ्या तासांची सोय आधीच करता येते. कोयनेसारख्या ठिकाणचे पाण्यावरचे संच काही मिनिटांत सुरू होतात.